सहा की दहा

फोनवर मी अण्णांना स्पष्ट सांगितलं होतं, सकाळी सहाला तयार राहा, पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. आदल्या रात्री माझा मुक्काम साताऱ्याला होता, तिथून अंधारात निघून पावणेसहाला दारात गाडी लावली तर अण्णा बनियनवर गोठ्यात, म्हशीखालचं शेण ओढतायत. मला बघून तेच दचकले. "अगं, दहा म्हणालीस ना?" झालं, मी भडकले. खंबाटकीचा बोगदा येईस्तोवर माझं तोंड चालूच होतं, तुमचं लक्षच नसतं, हल्ली हे फार झालंय, आई पण हेच म्हणते, हवं तेवढं बरोबर ऐकू येतं तुम्हाला. अण्णा खिडकीबाहेर बघत मधूनमधून "हो हो" म्हणत होते. त्या बोलण्यातलं त्यांच्यापर्यंत किती पोचलं असेल याचा अंदाज मला आता आलाय, आणि तो रस्ता आठवला की अजून पोटात कालवतं.

सहा आणि दहा. मोठ्याने म्हणून बघा. दोन्हीत शेवटचा "हा" सारखाच, फरक काय तो पहिल्या अक्षराचा. आता गळ्यावर हात ठेवा आणि नुसतं "आऽऽ" म्हणा, हाताला थरथर लागते. मग नुसतं "स्स्स" म्हणा, गळा गप्प. स हा गळ्यातून येतच नाही, जीभ आणि दात यांच्या फटीतून हवा फिस्कारते तेवढाच तो. आणि ही फिस्कार फार बारीक आवाजाची असते, म्हणजे तिच्यातला बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर, ८००० आणि त्याही पुढे. आ, ई, ऊ वगैरे स्वर मात्र खाली, काहीशे ते दोन-अडीच हजार हर्ट्झच्या मुलखात.

हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात किती हेलकावे. आवाज जातो तेव्हा हवा उठून इकडून तिकडे जात नाही हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण मला ते खरं कळलं वाठार स्टेशनात मालगाडी बघून. इंजिन मागे दाबलं की पहिला डबा दुसऱ्याला ढकलतो, दुसरा तिसऱ्याला, खडाक खडाक खडाक करत धक्का गाडीच्या शेपटापर्यंत पोचतो, प्रत्येक डबा मात्र जागचा जरासाच हलतो. हवेचं तेच. माझ्या तोंडापासून अण्णांच्या कानापर्यंत फक्त धक्का जातो, दाटी आणि पुन्हा विरळ, दाटी आणि पुन्हा विरळ, आणि ही दाटी सेकंदाला किती वेळा येते त्यावर आवाज खर्जातला की बारीक हे ठरतं. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० पर्यंतचं पकडतो असं पुस्तकात असतं. तो आकडा तरुण, धडधाकट कानाचा आहे, हे मात्र मला कुणी ठासून सांगितलेलं आठवत नाही.

आणि त्यात आम्ही बोलत होतो फोनवर. जुन्या टेलिफोनच्या लाइनीतून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे जायचा, साध्या मोबाईल कॉलचंही बरीच वर्षं तेच होतं, आता एचडी व्हॉइस म्हणतात त्यात ७००० पर्यंत जातं. म्हणजे "स" चा बराचसा भाग फोनमध्येच कापला जातो, सगळ्यांसाठीच. आपल्याला तो कळतो कारण डोकं बाकीच्या वाक्यावरून भरून काढतं, "साखर आण" मधला स नीट नाही आला तरी कुणी "आखर" आणत नाही. पण आकड्याला आगापिछा नसतो. सहाला तयार राहा, दहाला तयार राहा, दोन्ही तितकंच शहाणं वाक्य आहे. अण्णांनी त्यातलं एक निवडलं आणि ते निवडतायत हे त्यांना स्वतःलासुद्धा कळलं नसणार.

डोळ्यांच्या डॉक्टरनेच शेवटी म्हटलं की कान तपासून घ्या. ऑडिओमेट्रीची ती छोटी खोली, आतून फोम लावलेली, दार बंद झालं की स्वतःचा श्वास ऐकू येतो अशी. अण्णांच्या कानांवर हेडफोन, हातात बटण, टूं आवाज आला की दाबायचं. काचेतून मी बघत होते. सुरुवातीला ते पटापट दाबत होते, शाळेतल्या हुशार मुलासारखे ताठ बसून. मग मध्येच बराच वेळ काहीच नाही. बाहेर मशीनवर ताई आवाज वाढवत होत्या, अजून वाढवत होत्या, आणि अण्णा समोरच्या भिंतीकडे बघत पुढच्या आवाजाची वाट बघत होते. तो आवाज केव्हाचा चालू होता.

कागद हातात आला. डावीकडे खर्ज, २५० हर्ट्झ, उजवीकडे बारीक आवाज, ८००० पर्यंत, उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या, आणि रेघ जितकी खाली तितका आवाज मोठा करावा लागलेला. डावीकडची रेघ सपाट, जवळजवळ नॉर्मल, मग २००० च्या पुढे पसरणी घाटासारखी उतरत गेलेली आणि ४००० ला सगळ्यात खोल खड्डा. ताईंनी विचारलं, काम काय करायचे? म्हटलं डिझेल इंजिनचं गॅरेज, स्वतःचं, पस्तीस वर्षं. त्यांनी मान हलवली. नसेचा बहिरेपणा आहे म्हणाल्या, थोडा वयाचा, बराचसा आवाजाचा, ४००० चा खड्डा ही त्याची खूण.

४००० च का, याने मला काही दिवस झोप लागू दिली नाही. यामागचं एक मोठं कारण मानतात ते इतकं साधं आहे की ऐकून मी थक्क झाले. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी असते साधारण अडीच सेंटिमीटर, एका बाजूने उघडी, एका बाजूने बंद. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बाटलीचा म्हणून एक ठरलेला सूर निघतो ना, तसा या नळीचाही सूर असतो. अशा नळीत लाटेचा पाव हिस्सा मावतो, म्हणजे अख्खी लाट दहा सेंटिमीटरची, आणि आवाजाचा वेग ३४० मीटर धरला तर हिशेब येतो ३४०० हर्ट्झ. खऱ्या कानात थोडं इकडेतिकडे होतं, पण त्या आसपासचे आवाज आपला कान आपणहून वाढवून आत पाठवतो. गॅरेजमधल्या सगळ्या गोंगाटातून नेमके तेच वाढून आत जाणार, आणि मार बसतो तो त्याच्या जरासा वर. बोलण्यातली व्यंजनं कळायला जो मुलूख सगळ्यात कामाचा, तोच आधी पडतो.

आत शंखासारखी गुंडाळलेली कॉक्लिया आहे, तिच्यात रांगांमध्ये आवाज टिपणाऱ्या केसांच्या पेशी, एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार. गावच्या जत्रेतली माणसं मोजली तर जास्त भरतील. बारीक आवाजांची जागा शंखाच्या अगदी दाराशी, खर्जाची आत टोकाला. लाट आत शिरते आणि आपापल्या जागी जाऊन उसळते हे फॉन बेकेशींनी शोधलं, त्याबद्दल त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं. या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्वचा भरून येते, हाड जुळतं, ही नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की हे घडलं त्या माणसाच्या बाबतीत ज्याने मला ऐकायला शिकवलं.

मे महिन्यात वळीव यायचा तेव्हा आम्ही ओट्यावर बसायचो. वीज चमकली की अण्णा मोजायला लागायचे, एक, दोन, तीन, सावकाश, घड्याळाच्या ठेक्यात. गडगडाट आला की थांबायचं आणि तीनाने भागायचं. "सहा आले, दोन किलोमीटर, पसरणीच्या अंगाला पडली." उजेड तर तत्क्षणी पोचतो, आवाजाला उन्हाळी हवेत सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास जाता येतं, म्हणून तीन सेकंदांना एक किलोमीटर. पुढच्या विजेला पाच आले, मग चार आले, की अण्णा ओरडायचे, "वाळवणं उचला!" आणि आई, आजी, मी, सगळ्या धावायचो. कुरडयांचं ते धावतं भौतिकशास्त्र होतं. वीज क्षणात संपते मग गडगडाट इतका लांबतो का, हे मी त्यांना विचारलेलं, ते म्हणाले वीज काय उभी काठी आहे का, कोसभर लांब असते, जवळच्या टोकाचा आवाज आधी येणार, लांबच्याचा मागून, आणि वरून डोंगर परत फेकतात ते वेगळंच. सातवी शिकलेला माणूस. पुढे कॉलेजात फिजिक्सच्या पुस्तकात हेच वाचलं तेव्हा शब्दाशब्दाला अण्णांचाच आवाज ऐकू येत होता.

गॅरेजमध्ये त्यांचा एक लांब पान्याच्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर होता, लाकडी मुठीचा. चालू इंजिनच्या ब्लॉकवर टोक टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटायचे. टोक इकडून तिकडे सरकवत जायचे आणि सांगायचे, तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह, किंवा बेअरिंग, किंवा नुसतंच "ऑइल कधी बदललं होतं?" लोखंडातून आवाज हवेच्या पंधरापट वेगाने धावतो आणि मुख्य म्हणजे बाजूच्या गोंगाटात विरघळत नाही, ब्लॉकमधून दांडीत, दांडीतून मुठीत, मुठीतून हाडात, हवेचा संबंधच नाही. गिऱ्हाईक थक्क व्हायचं. कानात बोळे घालायचं मात्र तिथे कुणालाच सुचलं नाही, अण्णांना नाही, आम्हालाही नाही. आज मी रस्त्याकडेच्या गॅरेजवर पोरं ग्राइंडर चालवताना बघते तेव्हा थांबून सांगते. ८५ डेसिबलच्या वर आठ-आठ तास म्हणजे धोका हे ठरलेलं माप आहे, आणि डेसिबलचा हिशेब फसवा असतो, दहाने वाढला की आवाजाची ऊर्जा दसपट होते. ८५ आणि ९५ कागदावर शेजारी दिसतात, कानाला दिसत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मुलाला घेऊन गावी गेले. तो नववीत, आवाजाचा धडा चालू, प्रतिध्वनीसाठी अडथळा कमीत कमी १७ मीटरवर हवा असं पाठ केलेलं. मग त्याला डोंगराच्या कातळभिंतीसमोर नेला, लहानपणी मी तिथे आजीच्या नावाने हाका मारायचे. हाक मारून घड्याळ लावायला गेलं तर वेळ फारच थोडा असतो, बोट चुकतं. त्यावर एक सुरेख युक्ती आहे. टाळी वाजवायची आणि दुसरी टाळी बरोबर प्रतिध्वनीच्या डोक्यावर टाकायची, मग तिसरी त्याच्या डोक्यावर. ठेका जमला की प्रतिध्वनी गायब होतो, आपल्याच टाळीखाली झाकला जातो. आम्ही दहा अंतरं मोजली, नऊ सेकंद. म्हणजे एकाला ०.९, जाऊन येऊन, थंड हवेत ३४३ ने गुणून निम्मं केलं तर भिंत दीडशे मीटरच्या आसपास. पोराने फोनवरच्या नकाशात मोजलं आणि माझ्याकडे असं बघितलं की बस.

त्याला मग न्यूटनचं सांगितलं. केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजच्या आवारात लांब ओवरीच्या टोकाला उभं राहून न्यूटनने असाच प्रतिध्वनी लंबकाच्या हेलकाव्याशी जुळवून वेग मोजायचा प्रयत्न केला होता. त्याने गणिताने काढलेला वेग मात्र खऱ्याहून सुमारे पंधरा टक्के कमी येत होता आणि ते कोडं शंभरहून जास्त वर्षं राहिलं. १८१६ मध्ये लाप्लासने दाखवलं की हवा दाबली जाते तेव्हा क्षणभर तापते, आणि ती उष्णता बाहेर निसटायच्या आत पुढची पाळी येते, म्हणून हवा जास्त कडक वागते, म्हणून आवाज जास्त पळतो. सायकलचा पंप मारताना खालून गरम लागतो तेच. आपण बोलतो तेव्हा प्रत्येक शब्दासोबत हवेची किंचित तापणारी आणि किंचित गार होणारी रांग पुढे जात असते, हे मला अजूनही फार अद्भुत वाटतं.

संध्याकाळी अंगणात पाकोळ्या फिरत होत्या, लहान वटवाघळं. मुलाने विचारलं या ओरडतायत ना, मग गप्प कशा? ओरडतायत, तेही जोरात, पण आपल्या २०,००० च्या कुंपणापलीकडे. १७९० च्या दशकात स्पॅलनझानीला कळलं होतं की डोळे झाकले तरी वटवाघूळ आपटत नाही, आणि त्याच सुमाराला ज्युरीनने दाखवलं की कान बंद केले की आपटतं. पण ते ऐकतं काय हे कुणाला सांगता येईना, कारण खोलीत तर शांतता. १९३८ मध्ये हार्वर्डला ग्रिफिनने पिंजरा बारीक आवाज पकडणाऱ्या यंत्रासमोर नेला तेव्हा ती शांतता आवाजांनी भरलेली निघाली.

मुलाने मग फोनवर आवाजाचं अ‍ॅप लावलं. फोनचा स्पीकर काही प्रयोगशाळा नव्हे, पण अंदाज येतो. तो १७,००० पर्यंत "येतोय" म्हणत होता, कान दाबून, तोंड वाकडं करून. मी तेराच्या पुढे संपले. मला वाटलं फोन बंद पडला. मग तो आजोबांकडे गेला आणि खाली खाली आणत पाच हजारांवर आला तरी अण्णा फोनकडे बघून विचारत होते, चालू केलास का? तेवढ्यात मुलगा म्हणाला, आजोबा, ते रातकिडे ऐकू येतात ना, तसलाच आवाज आहे.

अण्णा म्हणाले, "रातकिडे आता कुठे राहिले. फवारण्यांनी मेले सगळे. दहा-बारा वर्षं झाली, एक ऐकला नाही."

अंगणाच्या कडेला घाणेरीच्या झुडपात रातकिडे कर्कश ओरडत होते. मुलाने माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोलले नाही. ही तक्रार अण्णा कितीतरी वर्षं करतायत, आम्ही मान डोलवायचो, खरंच कमी झाले असतील म्हणून. रातकिड्यांची किरकिर चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपास असते, बरोबर त्या खड्ड्यात. अण्णांच्या हिशेबात गाव बदललं होतं, किडे मेले होते, चिमण्या कमी झाल्या होत्या, माणसं पुटपुटायला लागली होती. आवाज जातो तेव्हा "आवाज गेला" अशी चिठ्ठी येत नाही. जग शांत झालंय असंच वाटत राहतं.

दुसऱ्या दिवशी मेणवलीला गेलो, कृष्णेच्या घाटावर. तिथे नाना फडणवीसांच्या वाड्यामागे देवळापाशी ती मोठी घंटा आहे, वसईहून आणलेली, १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली त्यानंतर, पोर्तुगीजांच्या चर्चची, अंगावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीचं चित्र. मी लहान असताना एकदा तिच्यावर टोल पडलेला ऐकलाय. पहिला आवाज खणखणीत, कानात खुपणारा, त्यात बारीक सूर खच्चून भरलेले. ते पटकन विझतात. मग मधले विझतात. आणि सगळ्यात खालचा गूंऽऽ तेवढा उरतो, पाण्यावर कितीतरी वेळ. मोठ्या घंटेचं असंच असतं, वरचे सूर आपली ऊर्जा लवकर उधळतात, तळाचा सूर जपून वापरतो. अण्णा घंटेखाली उभे राहून वर बघत होते. मला मात्र तो कागदावरचा उतार दिसत होता.

ऐकायची मशीनं घेतली, दोन्ही कानांना. पहिल्या दिवशी अण्णांनी तासाभरात काढून ठेवली. प्लास्टिकची पिशवी फाडल्यासारखी वाजते, पेपरचं पान उलटलं की पत्रा पडल्यासारखं, स्वतःची चप्पल मागून कुणीतरी येतंय अशी. ताईंनी आधीच सांगितलं होतं, डोक्याला या आवाजांची सवय मोडलेली असते, काही आठवडे जातात. आणि मेलेल्या पेशी मशीन परत आणत नाही, राहिलेल्यांकडे हलका आवाज वाढवून आणि मोठा आवाज आवरून पोचवते इतकंच. यावरून एक जुनं कोडंही सुटलं. "जरा मोठ्याने बोल" आणि लगेच "ओरडतेस कशाला" हे दोन्ही अण्णा एका मिनिटात म्हणायचे आणि घरात भांडण व्हायचं. हलके आवाज उचलून धरणाऱ्या पेशी गेल्या की हलकं ऐकू येत नाही पण मोठं मात्र पूर्वीइतकंच आदळतं, मधली जागाच अरुंद होते. शिवाय ओरडून आपण वाढवतो काय, तर स्वर, "आ" मोठा होतो, "स" फारसा वाढत नाही. इतकी वर्षं आम्ही त्यांना जे ऐकू येत होतं तेच अजून मोठ्याने ऐकवत होतो.

आता आमच्या घरात बोलायची पद्धत बदललीये. समोर येऊन बोलायचं, तोंड दिसेल असं, स्वयंपाकघरातून हाक मारून नाही. सगळीकडे टाइल्स लावल्यापासून घर घुमायला लागलं होतं, एका शब्दाची शेपटी दुसऱ्यावर पडायची आणि मशीन दोन्ही वाढवायची, तर बाहेरच्या खोलीत जाड पडदे लावले, खाली सतरंजी टाकली, फरक पडला. आणि आकडा एकटा सोडायचा नाही. सहा, उजाडायच्या वेळी. दहा, जेवणाआधी.

निघायच्या दिवशी विहिरीवरची मोटर चालू होती. अण्णांची मशीनं घरात डबीत. मला ती मोटर नेहमीसारखीच वाटत होती, घूंऽऽ आणि पाणी. अण्णा जाता जाता थांबले, चप्पल काढून अनवाणी पाय फाउंडेशनवर ठेवला आणि पोराला म्हणाले, पेटीतला स्क्रूड्रायव्हर आण. टोक मोटरवर, मूठ कानामागे, डोळे मिटलेले. "मागचं बेअरिंग चाललंय. महिना काढेल." मी म्हटलं मला तर काहीच वेगळं वाटत नाही. त्यांनी मूठ माझ्या कानामागे धरली. घूंऽऽ. त्यांनी टोक बोटभर सरकवलं, माझ्या चेहऱ्याकडे बघत, आणखी बोटभर. "आता?"

अजून नाही म्हटलं. त्यांनी घाई केली नाही, टोक मागच्या झाकणाच्या कडेला नेलं आणि तिथे दाबून धरलं. त्या घूंऽऽ च्या खाली कुठेतरी, जात्यात एखादा खडा आल्यासारखी, अगदी हलकी, खर्र, खर्र. मी मान हलवली.

"आलं ना," अण्णा म्हणाले आणि पोराला पुढे ओढलं.